डिकीवरचं नाव कसं वाचायचं? आलिशान गाड्यांच्या बॅजची पायरीपायरीनं उकल

बीएमडब्ल्यू ३३०आय म्हणजे तीन लिटरचं इंजिन, असं कुणी ठासून सांगितलं तर त्याला एवढंच विचारा: कोणत्या सालची? २००० साली आलेल्या ३३०आयमध्ये खरोखरच तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं. २०१९च्या ३३०आयमध्ये दोन लिटरचं, चार सिलिंडरचं आहे. डिकीवरचा बॅज मात्र तोच, अक्षराचाही फरक नाही.

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागलो तेव्हा या आकड्यांनी मला पुरतं भंडावून सोडलं. एका कंपनीचा ४० आणि दुसरीचा ४० यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. एकाच कंपनीच्या नावात पुढे आलेलं अक्षर एक सांगतं आणि मागे आलेलं तेच अक्षर भलतंच. एक गोष्ट पक्की धरली की बाकीचं सुटत जातं: बॅजवरचा आकडा हा त्या गाडीचा तिच्या कंपनीतला हुद्दा आहे. पूर्वी तो इंजिनाचं माप सांगायचा, आता बहुतेक ठिकाणी क्रम सांगतो. हुद्द्यावरून वरचा कोण नि खालचा कोण हे कळतं. अंगात बळ किती, ते कागदात पाहावं लागतं.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. त्यातले सीसी, इंधन आणि पहिल्या नोंदणीची तारीख हे तीन रकाने महत्त्वाचे. काही देशांत किलोवॅटही लिहिलेले असतात, ते मिळाले तर उत्तमच.
- सतरा अक्षरांचा चासी क्रमांक, म्हणजेच व्हीआयएन. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावर सापडतो.
- त्या मॉडेलचं, त्याच वर्षाचं आणि त्याच देशातलं कंपनीचं माहितीपत्रक. यातली 'त्याच वर्षाचं' ही अट सोडू नका.
- मूळ बीजक किंवा कारखान्यातून बसवलेल्या पर्यायांची यादी. ऑडीत ती एका स्टिकरवर असते. सर्व्हिस पुस्तिकेत किंवा डिकीच्या तळाशी पाहा.
- किलोवॅटचे पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) करण्यासाठी १.३६ने गुणायचं, एवढं गणित.

१. आधी घराणं ओळखा: नावं ठेवणारं की आकडे ठेवणारं

रोल्स-रॉइस, बेंटली, लॅम्बोर्गिनी या कंपन्या गाडीचं रीतसर बारसं करतात. रोल्स-रॉइसला भुताखेतांची हौस जुनी. फँटम १९२५पासून आहे, पुढे रेथ, घोस्ट आणि विजेवर चालणारी स्पेक्टर आली. २०१८ची कलिनन मात्र हिऱ्याच्या नावावर गेली. लॅम्बोर्गिनी झुंजीच्या बैलांकडे वळते, तरी काउंटाश या सगळ्यात प्रसिद्ध गाडीचं नाव बैलाचं नाही, तो इटलीतल्या पीडमाँटच्या बोलीतला आश्चर्याचा उद्गार आहे. बेंटलीची मल्सान ही ल मॉंच्या शर्यतीच्या मार्गावरून आलेली. अशा नावांतून आकार, इंजिन, इंधन काहीच कळत नाही. त्यांचा क्रम पाठच करावा लागतो, पण प्रत्येक घराण्यात गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे ते जड जात नाही.

बाकीचे बहुतेक जण अक्षर आणि आकडा जोडतात. यामागे कारण आहे. गाडीचं नाव फार गाजलं तर लोक कंपनीचं नाव विसरतात. अॅक्युराच्या लेजंड आणि इंटेग्रा या गाड्या अशाच नावानं ओळखल्या जायच्या, म्हणून १९९०च्या दशकाच्या मध्यापासून एकेक नाव जाऊन आरएल, आरएसएक्स अशी अक्षरं आली. मग अक्षरं कुणाच्या लक्षात राहीनात. २०२२मध्ये इंटेग्रा हे नाव परत आलं. लिंकनचंही तसंच: एमकेएक्सची नॉटिलस झाली, एमकेसीची कॉर्सेअर. नावांची लाट अशी येते आणि ओसरते, त्यामुळे दोन वेगळी नावं दिसली म्हणून दोन वेगळी मॉडेलं असतीलच असं नाही.

इथला एक चकवा: रेंज रोव्हर हे एका गाडीचंही नाव आहे आणि कुटुंबाचंही. रेंज रोव्हर, रेंज रोव्हर स्पोर्ट, वेलार आणि इव्होक या चार वेगळ्या आकारांच्या, वेगळ्या ऐपतीच्या गाड्या आहेत, आणि चौघींच्या बोनेटवर मोठ्या अक्षरांत एकच नाव आहे. जाहिरातीत नुसतं 'रेंज रोव्हर' लिहिलं असेल तर पुढचा शब्द विचारून घ्या.

२. बॅजचे तुकडे पाडा

आकड्यांच्या घराण्यातलं नाव सलग वाचू नका, तोडून वाचा. बीएमडब्ल्यू एक्स३ एक्सड्राइव्ह ३०डी एम स्पोर्ट हे लांबलचक प्रकरण घ्या. एक्स म्हणजे उंच बांध्याची गाडी. ३ म्हणजे तिचा आकार. एक्सड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना जोर. ३० हा हुद्दा. डी म्हणजे डिझेल. आणि एम स्पोर्ट म्हणजे पोशाख, बंपर-चाकं वगैरे सजावट.

मर्सिडीज जीएलसी ३०० डी ४मॅटिक एएमजी लाइन हे नावही याच चालीचं. जीएल म्हणजे उंच गाडी, सी म्हणजे सी-क्लासएवढी, ३०० हुद्दा, छोटं डी म्हणजे डिझेल, ४मॅटिक म्हणजे चारही चाकं, एएमजी लाइन म्हणजे पोशाख.

आकार, हुद्दा, इंधन, चाकं, पोशाख. प्रत्येक नावात पाचही असतात असं नाही आणि कंपनीगणिक त्यांची जागा बदलते, पण शोधायचे हेच पाच. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

३. आकाराचं अक्षर किंवा पहिला अंक

बीएमडब्ल्यूचं सोपं आहे. १९७२ची ५ सिरीज आली तेव्हापासून पहिला अंक आकार दाखवतो. विषम अंक साध्या बांध्याच्या गाड्यांना, सम अंक त्याच गाड्यांच्या देखण्या, बसक्या भावंडांना. २०१३मध्ये ३ सिरीजची कूपे (दोन दारी गाडी) वेगळी काढून तिला ४ सिरीज म्हटलं ते याच हिशेबाने. एक्स५ (१९९९) उभट, एक्स६ (२००८) तिचंच उतरत्या छताचं रूप. मात्र २ आणि ४ सिरीजमध्ये पुढे चार दारांच्या गाड्याही आल्या, म्हणून सम अंक दिसला की दोनच दारं असतील असं धरून चालू नका.

मर्सिडीजची गोष्ट दोन टप्प्यांत समजून घ्या. १९९३पर्यंत आकडा आधी आणि अक्षरं नंतर यायची: १९० ई, २८० एसई, ३०० डी. १९९३मध्ये ही रचना उलटी झाली आणि सी २२०, ई ३२० अशी नावं आली. जुन्या नावातला ई म्हणजे इंधन इंजेक्शन, नव्या नावातला ई म्हणजे ई-क्लास. ३०० ई आणि ई ३०० या दोन गाड्यांत अक्षर एकच, अर्थ दोन. आणि ई ३०० ई अशीही गाडी आहे! तिच्यातला शेवटचा छोटा ई म्हणजे चार्जर लावून भरायची बॅटरी असलेली प्लग-इन हायब्रीड. त्यातही ई ३०० डीई म्हणजे तीच सोय, पण डिझेलसोबत. ही नावं ठेवणाऱ्याला वर्णमालेत दुसरी अक्षरं दिसली नसतील काय, असा प्रश्न मला अजूनही पडतो.

दुसरा टप्पा २०१५चा. ए, बी, सी, ई, एस ही पाच मूळ अक्षरं ठरवली आणि बाकीच्या गाड्यांच्या नावाचं शेवटचं अक्षर या पाचांशी जुळवलं. एमएलची जीएलई झाली, जीएलकेची जीएलसी, जीएलची जीएलएस, आणि एसएलके या छोट्या, उघडत्या छताच्या दोन सीटी गाडीची एसएलसी. म्हणजे मर्सिडीजचं नाव शेवटच्या अक्षरापासून वाचायला लागा: जीएलएस म्हणजे उंच गाड्यांमधली एस-क्लास, सीएलए म्हणजे ए-क्लासच्या घरातली बसकी चार दारी. जी-क्लास या चौकोनी ठोकळ्याला कुणी हात लावला नाही, आणि ते बरंच झालं. जाहिरातीत २०१४ची एमएल आणि २०१६ची जीएलई शेजारी दिसल्या तर त्या एकाच पिढीच्या, मधेच नाव बदललेल्या गाड्या आहेत, हे लक्षात असू द्या.

ऑडीत ए म्हणजे साध्या, क्यू म्हणजे उंच, आणि पुढचा अंक जितका मोठा तितकी गाडी मोठी. १९९४मध्ये ८० आणि १०० ही जुनी नावं जाऊन ए४, ए६, ए८ आल्या. इतकी वर्षं सुरळीत चाललेली ही पद्धत २०२३मध्ये कंपनीनंच मोडायला घेतली: सम अंक विजेच्या गाड्यांना, विषम अंक पेट्रोल-डिझेलला. त्यानुसार २०२४मध्ये नव्या पिढीची ए४ ए५ या नावानं आली. मग फेब्रुवारी २०२५मध्ये निर्णय फिरवला. ए७ होऊ घातलेली पेट्रोलची गाडी ए६च राहिली, पण ए५ झालेली परत ए४ झाली नाही. परिणाम असा की जुन्या ए५ या कूपेचा आणि नव्या ए५ या सरळसोट चार-पाच दारी गाडीचा बॅज एक आहे. ऑडी घेणार असाल तर साल आधी आणि अंक नंतर बघा.

लेक्ससची उतरंड अक्षरांत आहे: उंच गाड्यांत यूएक्स, एनएक्स, आरएक्स, जीएक्स, एलएक्स, सेडानमध्ये आयएस, ईएस, एलएस. इन्फिनिटीनं २०१३पासून सगळ्या साध्या गाड्यांना क्यू आणि उंच गाड्यांना क्यूएक्स लावून टाकलं. जी३७ची क्यू५० झाली, एफएक्सची क्यूएक्स७०. जी३७मधले ३७ हे खरंच ३.७ लिटर होते. क्यू५०मधले ५० कशाचंच माप नाहीत.

४. आकडा: सगळ्यात जास्त फसवणारा भाग

आधी मूळ हिशेब. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३२५आयमध्ये ३ म्हणजे सिरीज आणि २५ म्हणजे २.५ लिटर. पहिल्या लेक्सस एलएस ४००मध्ये (१९८९) चार लिटर. मर्सिडीज ३०० म्हणजे तीन लिटर. हे इतकं सरळ होतं की लोकांच्या डोक्यात ते कायमचं बसलं, आणि पुढचे सगळे घोटाळे त्या विश्वासावरच उभे आहेत.

पहिले तडे बरेच लवकर गेले. १९८०च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यू ७४५आयमध्ये ३.२ लिटरचं टर्बो इंजिन होतं, म्हणजे धुराच्या जोरावर जास्त हवा आत कोंबणारं. टर्बोमुळे ते मोठ्या इंजिनाच्या तोडीचं म्हणून ३.२ला १.४ने गुणून ४.५ आणले, असा तो हिशेब. ३२५ई या गाडीत उलट २.७ लिटरचं इंजिन होतं, पण ते काटकसरीनं चालणारं, कमी ताकदीचं, म्हणून हुद्दा खाली. १९९८नंतरच्या पिढीत सुरुवातीला ३१६आय आणि ३१८आय या दोन्हींत १.९ लिटरची इंजिनं होती आणि ३२३आयमध्ये २.५ लिटरचं. म्हणजे हुद्द्यानं मापाला मागे टाकायला तेव्हाच सुरुवात झाली होती. पुढे टर्बो सर्रास झाले, इंजिनं लहान झाली, पण ३३० घेणाऱ्याला मागे ३२० लिहिलेलं कसं चालेल? आकडा तिथेच ठेवला आणि आतलं इंजिन बदललं. मर्सिडीजच्या सी २००मध्ये २०१८पासून अनेक देशांत दीड लिटरचं इंजिन आहे.

या सगळ्यांत अव्वल नंबर एएमजी या मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांच्या शाखेच्या ६३चा. १९६८च्या ३०० एसईएल ६.३मध्ये खरोखर ६.३ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. तिच्या आठवणीखातर एएमजीनं २००६च्या सुमारास आपल्या नव्या व्ही८ गाड्यांना ६३ लावलं, जरी त्या इंजिनाचं माप ६२०८ सीसी, म्हणजे ६.२ होतं. पुढच्या सी ६३मध्ये चार लिटरचं दोन टर्बोंचं व्ही८ आलं, बॅज ६३. २०२२मध्ये जाहीर झालेल्या सी ६३ एस ई परफॉर्मन्समध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि विजेची मोटर, बॅज ६३. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा असं कुणी म्हणेल, पण घाई नको: दोन्ही मिळून ही शेवटची गाडी ६८० पीएस देते, आधीच्या कुठल्याही सी ६३पेक्षा जास्त. हुद्दा खरा आहे, माप खोटं आहे.

मग ज्यांनी मापाचा नाद सोडून दुसरंच काही मोजायला घेतलं, ते पाहा.

ऑडीनं २०१७पासून बहुतेक गाड्यांवर ताकदीचे गट लिहायला सुरुवात केली. ३० म्हणजे ८१ ते ९६ किलोवॅट, ३५ म्हणजे ११० ते १२०, ४० म्हणजे १२५ ते १५०, ४५ म्हणजे १६९ ते १८५, ५० म्हणजे २१० ते २३०, ५५ म्हणजे २४५ ते २७५, आणि ७० म्हणजे ४००च्या वर. पेट्रोल, डिझेल, वीज सगळ्यांना एकच पट्टी. कल्पना वाईट नव्हती. पण ४० टीएफएसआयमध्ये (टीएफएसआय म्हणजे ऑडीचं टर्बो पेट्रोल इंजिन) चार लिटर आहेत असं समजणारे आणि समजावणारे दोघेही भेटतात.

कॅडिलॅकनं २०२०च्या मॉडेलांपासून टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर लिहिला, तोही न्यूटन-मीटरमध्ये, ५०च्या पटीत वर ओढून. सीटी५ ३५०टी म्हणजे सुमारे ३५० न्यूटन-मीटर, टी म्हणजे टर्बो. ज्या अमेरिकेची ही कंपनी तिथे टॉर्क पाउंड-फुटांत मोजतात. तिथल्या गिऱ्हाइकाला हा आकडा काय कळत असेल, देव जाणे.

लँड रोव्हरची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. पी४०० म्हणजे पेट्रोल, ४०० पीएस. डी३०० म्हणजे डिझेल, ३०० पीएस. लॅम्बोर्गिनीचंही तसंच: अव्हेंटाडोर एलपी ७००-४मध्ये एलपी म्हणजे इंजिन मागे आणि गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, ७०० पीएस आणि ४ चाकांना जोर.

हायब्रीडमध्ये लेक्सस 'च्या तोडीचं' हा न्याय लावते. आरएक्स ४००एचमध्ये इंजिन ३.३ लिटरचं, एलएस ६००एचमध्ये पाच लिटरचं. मोटरची भर धरून आकडा वाढवलेला. आणि २०१७च्या सुमारास लेक्ससनं काही बाजारांत आयएस २००टीचं नुसतं नाव बदलून आयएस ३०० केलं. इंजिन तेच दोन लिटरचं. दशकभर आधी आयएस ३०० याच नावाची खरोखर तीन लिटरची, सहा सिलिंडरची गाडी होती. सेकंडहँड बाजारात दोन्ही सापडतात.

फेरारीकडे प्रत्येक गाडीचा हिशेब निराळा. २५० जीटीओ: एका सिलिंडरचे २५० सीसी, असे बारा. ४५८: ४.५ लिटर, ८ सिलिंडर. ४८८: परत एका सिलिंडरचे ४८८ सीसी. ४५८ आणि ४८८ एकापाठोपाठ आल्या, शेजारी शेजारी वाचल्या तर एकाच पद्धतीच्या वाटतात, आणि नाहीत. ८१२मध्ये ८०० अश्वशक्ती आणि १२ सिलिंडर, २९६मध्ये २.९ लिटर आणि ६ सिलिंडर, एफ४०मध्ये कंपनीचा चाळिसावा वाढदिवस (१९८७). फेरारीचा अंदाज करायला जाऊ नका, प्रत्येक मॉडेल स्वतंत्रपणे शोधा.

मापाचा आणखी एक मासला: २००२च्या मेबॅक ५७ आणि ६२ या गाड्यांतले आकडे त्यांची लांबी सांगतात, ५.७ आणि ६.२ मीटर. म्हणजे ते खरंच माप होतं, फक्त इंजिनाचं नव्हे.

५. शेपटाची अक्षरं

डी म्हणजे डिझेल, एवढं जवळपास सगळीकडे चालतं. एच बहुधा हायब्रीड. एल म्हणजे लांब, मागच्या सीटवर पाय पसरायला जास्त जागा. बाकीच्यांकडे नीट बघावं लागतं.

आय: बीएमडब्ल्यूत शेवटी आलेला आय म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, सुरुवातीला आलेला आय म्हणजे वीज. ३३०आय पेट्रोलची, आय४ विजेची. हा गोंधळ मिटवायला २०२४च्या एक्स३ आणि १ सिरीजपासून पेट्रोलच्या गाड्यांचा शेवटचा आय काढून टाकला. आता नुसतं १२० लिहिलं असेल तर ती नव्या पिढीची पेट्रोल गाडी, शेपूट कुणी उपटलेलं नाही. अपवाद म्हणून आय८ लक्षात ठेवा. आय पुढे असूनही ती पूर्ण विजेची नाही, तिच्यात तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे.

ई: बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजमध्ये आजचा शेवटचा छोटा ई म्हणजे प्लग-इन. तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीवरचा ई वेगळा, ते वर आलंच.

ई-ट्रॉन: २०१४ची ऑडी ए३ ई-ट्रॉन ही प्लग-इन हायब्रीड, पेट्रोलची टाकी असलेली. २०१८ची ई-ट्रॉन ही पूर्ण विजेची उंच गाडी, जिला दुसरं नावच नव्हतं. २०२२च्या अखेरीस तिलाच क्यू८ ई-ट्रॉन म्हणू लागले. आणि पुढच्या कित्येक ऑडी प्लग-इनवर टीएफएसआय ई लिहिलेलं असतं. 'ई-ट्रॉन विकणे आहे' एवढ्या जाहिरातीवर फोन उचलू नका.

टर्बो: पोर्शेत हा शब्द यंत्राचा राहिलेला नाही, पद झाला आहे. २०१५च्या बदलानंतर साध्या ९११ कॅरेरातही टर्बो बसले, तरी ९११ टर्बो ही वेगळी, कितीतरी वरची गाडी आहे. टायकन टर्बो तर विजेवर चालते. तिच्यात टर्बो बसवायला धूर तरी कुठला! पोर्शेची चढती भाजणी ढोबळमानानं अशी: साधी, एस, जीटीएस, टर्बो, टर्बो एस. नावातला ४ म्हणजे चारही चाकांना जोर. जीटी३ ही या रांगेत बसत नाही, ती शर्यतीच्या वळणाची स्वतंत्र शाखा.

एसड्राइव्ह: एक्सड्राइव्ह चारही चाकांचं हे कळलं की लोक एसड्राइव्ह म्हणजे मागची दोन चाकं असं धरतात. त्याचा अर्थ फक्त 'दोन चाकं' इतकाच आहे. २००९च्या पहिल्या एक्स१मध्ये ती मागची होती, २०१५च्या दुसऱ्या पिढीत पुढची.

६. खरी पैलवान की नुसता लंगोट

पैसे सगळ्यात जास्त इथे बुडतात, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका. बहुतेक कंपन्यांत वेगवान गाड्यांच्या तीन पायऱ्या असतात आणि तिन्हींवर साधारण एकच चिन्ह झळकतं.

बीएमडब्ल्यूत ३३०आय एम स्पोर्ट ही सर्वात खालची: बंपर, चाकं, स्टिअरिंग, थोडी कडक सस्पेन्शन आणि बाजूला एमचा छोटा बॅज, इंजिन जसंच्या तसं. त्यावर एम३४०आय: इंजिन खरंच दमदार, पण मूळ ३ सिरीजच. सगळ्यात वर एम३: एम आणि एकच अंक. उंच गाड्यांत एक्स५ एम ही खरी एम, तर एक्स५ एम५०आय ही मधली.

मर्सिडीजमध्ये एएमजी लाइन, मग ३५, ४३, ५३ असे आकडे, मग ४५ (छोट्या गाड्यांत) आणि ६३. ऑडीत एस लाइन, मग एस४ किंवा एस६, मग आरएस. लेक्ससमध्ये एफ स्पोर्ट हा पोशाख, आणि आयएस एफ, आरसी एफ या खऱ्या. कॅडिलॅकमध्ये तर पायरीच सरकली. पूर्वीची सीटीएस-व्ही सगळ्यात वरची, ६.२ लिटर सुपरचार्जरवाली. नंतरची सीटी५-व्ही तीन लिटरची मधली झाली, आणि वरच्या जागेसाठी सीटी५-व्ही ब्लॅकविंग असं नवं नाव काढावं लागलं.

विकणारा 'एएमजी आहे' म्हणाला की 'लाइन की आकडा?' असं विचारा. उत्तर द्यायला तो जितका वेळ घेईल तितकी तुमची घासाघीस सोपी.

बॅजवर विश्वास ठेवायचा नाही याचं आणखी एक कारण: तो दोन चिकटपट्ट्यांवर बसतो. एम, एएमजी, आरएसची अक्षरं सुटी विकत मिळतात. उलटही घडतं. बीएमडब्ल्यू कारखान्यातूनच मॉडेलचं नाव न लावता गाडी देते, आणि गंमत म्हणजे त्या पर्यायाचा संकेतांक ३२० आहे. त्यामुळे पाठ कोरी दिसली म्हणून संशय घेऊ नका, आणि भरलेली दिसली म्हणून भुलू नका.

७. चासी क्रमांकाशी ताळा जुळवा

१९८१पासून व्हीआयएन सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दिसलीच तर कुणीतरी चुकीचं उतरवलंय. पहिली तीन अक्षरं निर्माता सांगतात, आणि सहाव्या पायरीचा निकाल पुष्कळदा इथेच लागतो. जर्मनीत बनलेली साधी बीएमडब्ल्यू डब्ल्यूबीएने सुरू होते, खरी एम३ किंवा एम५ डब्ल्यूबीएसने. एम३४०आयचा क्रमांक एमच्या डब्ल्यूबीएसने सुरू होत नाही. ऑडीची नेहमीची सुरुवात डब्ल्यूएयू, तर बहुतेक आरएस गाड्यांची आणि आर८ची डब्ल्यूयूए. अमेरिकेत जुळवलेल्या उंच गाड्यांची सुरुवात वेगळी असते, तिथे हा नियम लावू नका.

युरोपसाठी बनवलेल्या मर्सिडीजमध्ये चौथ्या स्थानापासूनचे तीन अंक पिढी सांगतात: १२४, २०४, २१३. त्यापुढचे तीन अंक नेमकं मॉडेल. दहावं अक्षर म्हणजे साल, असं बरेच जण सांगतात. उत्तर अमेरिकेच्या गाड्यांत ते बरोबर आहे. युरोपच्या या मर्सिडीजमध्ये मात्र त्या जागी स्टिअरिंग डावीकडे (१) की उजवीकडे (२) हे लिहिलेलं असतं, आणि या एका समजुतीपायी भलतंच साल ठरवलेली मंडळी कमी नाहीत.

क्रमांक जुळला की गाडीचा पिढीचा संकेतांक लिहून ठेवा. जाणकार लोक बॅजपेक्षा यानेच बोलतात: बीएमडब्ल्यूत ई४६, एफ३०, जी२०; पोर्शे ९११मध्ये ९९६, ९९७, ९९१, ९९२; मर्सिडीजमध्ये डब्ल्यू म्हणजे सेडान, एस म्हणजे इस्टेट (छत मागपर्यंत नेलेली), सी कूपे, ए उघड्या छताची, म्हणून एकाच पिढीच्या डब्ल्यू१२४ आणि सी१२४. सुटे भाग मागवताना, मेकॅनिकला फोन करताना किंवा माहितीपत्रक शोधताना आधी हा संकेतांक सांगा, मग सीसी, आणि डिकीवर काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी. ब्रेक पॅडसारख्या भागासाठी तर पूर्ण सतरा अक्षरंच पाठवा. एकाच बॅजच्या दोन गाड्यांत दोन मापांच्या डिस्क असू शकतात.